लोखंड राखायचं, रबर बदलायचं: मारुती ८०० चा सेल्फ, डायनामो आणि ब्रेक कॅलिपर

मारुती ८०० चं उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबलं, तरी तिचे सुटे भाग आजही मिळतात. अडचण ते कोणत्या प्रतीचे मिळतात याची आहे. पुण्यात नाना पेठेत सेल्फ (स्टार्टर मोटर) मागितला की तीन प्रकार पुढ्यात येतात: कंपनीचा, बिननावाचा नवा, आणि ‘रिकंडिशन’ केलेला. तिसरा म्हणजे बऱ्याचदा काळा रंग मारून चकचकीत केलेला जुनाच सेल्फ. आत कार्बन (वीज पोचवणारे ब्रश) नवे घातलेले असतात, बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती नळी) तसेच सोडलेले. त्याच्या बदल्यात दुकानदार तुमचा जुना सेल्फ ठेवून घेतो, ज्याची बॉडी आणि आर्मेचर (आतला फिरणारा भाग) अजून कित्येक वर्षं चाललं असतं.

इथे ज्या गाडीचं काम सांगतोय ती १९९८ ची, कार्बोरेटरवाली, तीन सिलेंडरची, ७९६ सीसी. रत्नागिरीत समुद्राच्या वाऱ्यावर दोन पावसाळे उभी राहिलेली. तक्रारी तीन होत्या. इंजिन गरम झालं की सेल्फ जड फिरायचा. डायनामोतून घरघर यायची. आणि पुढचं डावं चाक दहा किलोमीटरमध्ये हात लावता येणार नाही इतकं तापायचं. तिन्ही भाग उघडले, तिन्ही तेच परत बसवले.

काम करताना एकच नियम पाळला. ओतीव लोखंड, ॲल्युमिनियम, तांबं सहसा संपत नाही. संपतं ते त्यांच्या मधलं: रबर, कार्बन, बुश, बेअरिंग. मधलं बदललं की भाग पुन्हा उभा राहतो. पण जो भाग पूर्णच झिजण्यासाठी बनवलेला आहे तो दुरुस्त करायच्या फंदात पडू नये. ब्रेक पॅड, ब्रेक होज, टायमिंग बेल्ट, क्लच प्लेट, बॉल जॉइंट हे सरळ नवे घ्यावेत आणि चांगल्या कंपनीचे घ्यावेत. वाचलेले पैसे तिथेच घालायचे असतात.

सेल्फ

सेल्फ काढण्याआधी तो खरंच खराब आहे का ते बघावं. उघडलेल्या सेल्फपैकी बरेच निर्दोष असतात, दोष वायरीत असतो. त्यासाठी साधा मल्टिमीटर पुरतो. बॅटरी शांत असताना १२.६ व्होल्ट दाखवायला हवी. डिस्ट्रिब्युटरची मधली एचटी (स्पार्कची) वायर काढून अर्थला लावावी म्हणजे गाडी चालू होणार नाही, आणि दुसऱ्या माणसाला सेल्फ मारायला सांगावं. सेल्फ फिरत असताना बॅटरीवर ९.६ च्या खाली व्होल्टेज गेलं तर आधी बॅटरी तपासा. मग मीटरची एक पिन बॅटरीच्या प्लस खांबावर (क्लॅम्पवर नाही, शिशाच्या खांबावर) आणि दुसरी सेल्फच्या जाड वायरीच्या बोल्टवर. सेल्फ मारताना इथे अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर वायर, लग (वायरीच्या टोकाची कडी) किंवा क्लॅम्प विजेला अडवतोय. तसंच बॅटरीचा मायनस खांब ते सेल्फची बॉडी: इथे ०.३ च्या आत हवं.

या गाडीत अर्थच्या बाजूला ०.९ दिसले. गिअरबॉक्सवरची अर्थची पट्टी हिरवी पडली होती. लग घासून, खालचा रंग खरवडून, बोल्ट नवा घालून ते ०.१५ वर आलं आणि सेल्फ थंड इंजिनवर छान फिरू लागला. गरम झाल्यावरची तक्रार मात्र तशीच राहिली. मगच सेल्फ खाली उतरवला.

बॅटरीचा मायनस आधी काढायचा, दहाच्या पान्यानं. पाना चुकून बॉडीला टेकला तरी काही होत नाही, कारण मायनस आणि बॉडी एकच. प्लस आधी काढताना तोच पाना बॉडीला लागला तर तो तिथे वेल्ड होतो. सेल्फ निघाला की त्याच्या भोकातून टॉर्च मारून फ्लायव्हीलच्या (इंजिनाच्या जड चाकाच्या) रिंगचे दात बघून घ्यावेत. इंजिन हातानं थोडं थोडं फिरवत पूर्ण फेरा बघायचा. इंजिन बंद होताना ठरावीक जागीच थांबतं, त्यामुळे दात सगळीकडे सारखे झिजत नाहीत, दोन-तीन जागीच खातात.

उघडण्याआधी सोलेनॉइड (सेल्फच्या अंगावरचा विजेचा स्विच), बॉडी आणि मागचं झाकण यांवर छन्नीनं किंवा पंचनं जुळणीच्या खुणा कराव्यात आणि दोन फोटो काढावेत. सोलेनॉइड आणि पुढच्या हाउसिंगच्या मध्ये कधी कधी पातळ वॉशर असतात. ते जितके निघाले तितकेच परत जायला हवेत. पिनियन (सेल्फचं छोटं दातेरी चाक) पुढे आल्यावर त्याच्या टोकाशी किती फट राहते हे या वॉशरवर ठरतं. एखादा वॉशर हरवला तर सेल्फ बाकी उत्तम होऊनही पिनियन रिंगवर खरखरतो, आणि दोष बेंडिक्सवर, म्हणजे पिनियनच्या एकाच दिशेनं पकडणाऱ्या क्लचवर, ढकलला जातो.

मागचे दोन लांब बोल्ट काढले की सेल्फ तीन तुकड्यांत सुटतो. या सेल्फला चार कार्बन होते, दोन फील्डच्या (बॉडीतल्या स्थिर कॉइलच्या) वायरीला आणि दोन अर्थला. नवे १६ मिलिमीटरचे, जुने ९ वर आलेले. कार्बन अर्ध्याच्या आसपास आले की स्प्रिंगचा दाब कमी पडतो, ठिणग्या वाढतात आणि कम्युटेटर (आर्मेचरवरचा तांब्याच्या पट्ट्यांचा गोल, ज्यावर कार्बन घासतात) काळा पडतो. पण खरा दोष आर्मेचरवर दिसला. त्याच्या पत्र्याच्या थरावर एका बाजूला चकचकीत घासल्याची पट्टी होती. म्हणजे बुश इतके सैल झाले होते की आर्मेचर फिरताना फील्डच्या लोखंडाला घासत होता. गरम झाल्यावर सेल्फ जड फिरण्याचं कारण हेच. अशा सेल्फला नुसते कार्बन बदलले तर पंधरा दिवस बरं वाटतं आणि तक्रार परत येते.

आर्मेचर टिकण्यासारखा आहे का, हे आधी ठरवावं. मीटर बीपवर ठेवून एक पिन शाफ्टला आणि दुसरी कम्युटेटरच्या प्रत्येक पट्टीला लावत जायची. कुठेही बीप यायला नको. मग शेजारच्या दोन-दोन पट्ट्यांमध्ये बघायचं, तिथे प्रत्येक ठिकाणी बीप आली पाहिजे. आतल्या आत वेढे शॉर्ट झालेत का हे मात्र मीटरवर कळत नाही. त्यासाठी रिवायंडिंगवाल्याकडचा ग्रोलर लागतो. आर्मेचर त्यावर ठेवून वर करवतीचं पातं धरतात, पातं थरथरलं की त्या खाचेतले वेढे गेले. पाच मिनिटांचं काम आहे, करून घ्यावं. फील्डच्या कॉइलची टोकं आणि बॉडी यांत बीप येते का तेही बघावं, यायला नको.

कम्युटेटर फार खोल झिजला नसेल तर ४०० नंबरच्या पॉलिश पेपरची पट्टी त्याभोवती गुंडाळून फिरवत घासला की पुरतं. काळा एमरी कापड वापरू नये. त्याचे कठीण कण तांब्यात रुततात आणि नवे कार्बन खात बसतात. झिजून खोलगट झाला असेल तर टर्नरकडून लेथवर हलका हात फिरवून घ्यावा, पण शक्य तितकं कमी कापायला सांगावं. त्यानंतरची पायरी बरेच जण सोडतात. तांब्याच्या पट्ट्यांमधला अभ्रक तांब्यापेक्षा खाली असावा लागतो. तांबं झिजतं तसा अभ्रक वर येतो आणि कार्बनला उचलून धरतो. करवतीच्या पात्याच्या दोन्ही बाजू ग्राइंडरवर घासून ते खाचेइतकं पातळ करायचं आणि प्रत्येक खाच साधारण अर्धा मिलिमीटर खोल ओढून घ्यायची. मग कडांची बारीक धार पेपरनं मोडायची आणि जुन्या टूथब्रशनं तांब्याची भुकटी काढायची. ही भुकटी राहिली तर दोन पट्ट्या जोडल्या जातात. या कामाला तासभर लागतो.

आता बुश. पुढच्या हाउसिंगमधला बुश आरपार असल्यामुळे मापाच्या गोटीनं ठोकून निघतो. मागच्या झाकणातला बुश एका बाजूनं बंद असतो, त्याला मागून ठोकायला जागाच नाही. इथे ग्रीस कामाला येतं. बुशच्या भोकात काठोकाठ ग्रीस भरायचं, हवा अडकू द्यायची नाही. त्या भोकात घट्ट बसेल अशी गोल सळई घ्यायची; जुन्या ड्रिल बिटचा गुळगुळीत मागचा भाग छान बसतो. सळई सरळ धरून हातोडीनं नेमके ठोके द्यायचे. ग्रीस दबत नाही, बुशच्या खाली शिरतं आणि त्याला वर ढकलतं. तीन-चार ठोक्यांत बुश दोन मिलिमीटर वर येतो, परत ग्रीस भरायचं, परत ठोकायचं. झाकण चिंधीत गुंडाळावं आणि डोळ्यांवर चष्मा असावा, कारण सळई सैल असेल तर ग्रीस उडतं.

नवा बुश सच्छिद्र काशाचा असतो. तो कोरडा बसवला तर काही महिन्यांत चावतो. बसवण्यापूर्वी त्याच्या अंगात तेल मुरलेलं असलं पाहिजे. रात्रभर इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवला तरी चालतं. त्याहून चांगली रीत अशी: बुश अंगठ्यावर उभा धरून त्यात तेल भरायचं, वरचं तोंड दुसऱ्या अंगठ्यानं बंद करायचं आणि दोन्हीकडून जोरात दाबायचं. थोड्या वेळानं बुशच्या बाहेरच्या अंगावर घाम फुटल्यासारखे तेलाचे बारीक थेंब दिसू लागतात. ते दिसले की तेल पार आरपार गेलं. मग व्हाइसच्या जबड्यात, मध्ये लाकडाचा ठोकळा ठेवून, सरळ दाबून बसवायचा. आतून रीमर (भोक मोठं करायचं हत्यार) फिरवू नये. त्यानं पृष्ठभागावरची छिद्रं लिंपली जातात आणि बुशचा तेलसाठा बंद होतो. बसवल्यावर शाफ्ट फारच घट्ट जात असेल तर बुश चुकीच्या मापाचा आहे. तो काढून दुसरा आणावा.

बेंडिक्स हातात घेऊन पिनियन फिरवावा: एका दिशेनं मोकळा, दुसऱ्या दिशेनं शाफ्टबरोबर घट्ट. दोन्हीकडे सरकत असेल तर बदला. ठीक असेल तर फक्त कापडानं पुसा. पेट्रोल किंवा रॉकेलमध्ये बुडवलं तर आतलं बंद केलेलं ग्रीस धुऊन निघतं आणि थोड्याच दिवसांत बेंडिक्स सुटा फिरू लागतो. चांगले चाललेले कितीतरी बेंडिक्स केवळ स्वच्छतेच्या हौसेपायी वाया जातात. शाफ्टच्या खाचांवर ग्रीसचा पातळ हात पुरे. जास्त ग्रीस लावलं की क्लचची धूळ त्यात बसते आणि त्याची पेस्ट होते.

कार्बनची जुनी वेणी सोल्डर करून जोडायची असेल तर किमान ६० वॉटचं, शक्य तर १०० वॉटचं सोल्डरिंग लागतं. कमी ताकदीचं सोल्डरिंग बराच वेळ धरावं लागतं आणि तेवढ्या वेळात सोल्डर वेणीत वर चढतं. वेणी कडक झाली की कार्बन आपल्या खोबणीत खाली सरकत नाही. म्हणून जोडापासून पाच मिलिमीटरवर वेणी पकडीनं चिमटून धरावी. पकड उष्णता खेचून घेते आणि सोल्डर तिथेच थांबतं.

सोलेनॉइडला दोन वेढे असतात, एक खेचणारा आणि एक धरून ठेवणारा. टेबलावर बॅटरीचा प्लस छोट्या सिग्नल पिनेला द्या आणि मायनस मोटरकडच्या बोल्टला व बॉडीला. प्लंजर खटकन आत जायला हवा. मग मोटरकडच्या बोल्टवरचा मायनस काढा. प्लंजर आतच राहायला हवा. सुटला तर धरणारा वेढा गेला. गाडीत याच दोषाचा आवाज ‘टक-टक-टक’ येतो, पण कमजोर बॅटरीचाही आवाज अगदी तसाच येतो, म्हणून बॅटरी आधी. प्रत्येक चाचणी पाच सेकंदांच्या आत संपवा, वेढे तापतात.

‘टक’ एकदाच होऊन सेल्फ फिरत नसेल तर आतले तांब्याचे संपर्क जळालेले असतात. मागची टोपी उघडली (तिथे वेढ्यांची टोकं सोल्डर केलेली असतात, ती आधी वितळवून सोडवायची) की जाड बोल्टची डोकी दिसतात, एका बाजूनंच खाल्लेली. नट सैल करून बोल्ट १८० अंशांत फिरवला की न वापरलेली बाजू समोर येते. चकतीही उलटी करून बसवता येते. एक पैसा न घालता सोलेनॉइडचं आयुष्य दुप्पट होतं.

जोडताना कार्बन आडवे येतात आणि आर्मेचर आत जात नाही. त्यावर उपाय असा, की प्रत्येक कार्बन खोबणीत मागे ओढायचा आणि स्प्रिंगचं टोक त्याच्या कुशीला टेकवून ठेवायचं. कार्बन तिथेच अडकून राहतो. आर्मेचर बसला की बारीक स्क्रू ड्रायव्हरनं स्प्रिंग कार्बनच्या पाठीवर आणायची.

सेल्फ व्हाइसमध्ये घट्ट आवळून, जंपर केबलनं तीन ते पाच सेकंद चालवून पाहावा. त्याहून जास्त नको. भार नसताना हा मोटर बेलगाम वेग घेतो. क्लॅम्प मीटर असेल तर लहान गाडीच्या सेल्फला भार नसताना ५० अँपिअरच्या आसपास किंवा कमी दिसतं. बरंच जास्त दिसलं तर काहीतरी घासतंय, बहुतेक करून वाकडा बसलेला बुश.

डायनामो

आता पेट्रोल-डिझेलच्या गाड्यांत अल्टरनेटरच असतो, पण गॅरेजमध्ये नाव डायनामोच चालतं. इथलं काम सेल्फपेक्षा सोपं आहे. घरघर म्हणजे बेअरिंग. पुलीचा नट सोडवताना पुली फिरते. जुना पट्टा पुलीला गुंडाळून तो व्हाइसमध्ये धरावा, पुलीला पकड लावू नये. बेअरिंगच्या रिंगवर नंबर कोरलेला असतो, तो बघून नामवंत कंपनीची, दोन्ही बाजूंनी रबर सील असलेली बेअरिंग आणावी. पत्र्याची सील कोकणातल्या पावसात टिकत नाही. बेअरिंग हाउसिंगमध्ये बसवताना दाब बाहेरच्या रिंगवर, शाफ्टवर बसवताना आतल्या रिंगवर. उलट केलं की दाब गोळ्यांमधून जातो आणि नवी बेअरिंग पहिल्या दिवसापासून गुणगुणते.

रोटरच्या (फिरत्या भागाच्या) दोन स्लिप रिंगांमध्ये मीटरवर साधारण २ ते ५ ओहम दिसावेत, रिंग आणि शाफ्ट यांच्यात काहीच नाही. डायोड एकेक करून तपासायचे: एका दिशेनं ०.४ ते ०.७ व्होल्ट, उलट दिशेनं शून्य वहन. एखादा डायोड गेलेला असेल तर पूर्ण प्लेट बदलणं बरं. बसवल्यावर इंजिन थोड्या रेसवर ठेवून बॅटरीवर १३.८ ते १४.५ व्होल्ट मिळाले की काम झालं. चार्जिंग होतंय का हे बघायला इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढायची जुनी सवय सोडून द्यावी. त्या झटक्यात रेग्युलेटर आणि डायोड दोन्ही जातात.

कॅलिपर

ब्रेकचं काम स्वतः करावं का, हा प्रश्न रास्त आहे. आमचं मत असं: कॅलिपरची (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाची) रचना साधी आहे आणि ती घाईशिवाय करणाऱ्याला नीट जमते. पण पिस्टनला खड्डे असतील, बोल्टची आटी गेली असेल, किंवा शेवटी पेडल कडक येत नसेल, तर गाडी रस्त्यावर आणायची नाही. इथे ‘चालवून घेऊ’ असं काही नसतं.

गाडी सपाट जागी, मागच्या चाकांना ठोकळे, आणि जॅकच्या जोडीला स्टँड. नुसत्या जॅकवर गाडीखाली हात घालू नये.

चाक अडकलंय ते नेमकं कशामुळे, हे उघडण्याआधी कळतं. ब्रेक दाबून सोडा, चाक जाम असताना ब्लीडिंगचा (हवा काढायचा) निपल अर्धा फेरा सोडवा. थोडं ऑइल उडून चाक मोकळं झालं तर दाब मागे अडकलेला होता. म्हणजे होज आतून फुगून बंद झालाय किंवा मास्टर सिलेंडर परत येत नाही. निपल सोडूनही चाक जामच राहिलं तर दोष कॅलिपरमध्ये आहे. इथे जामच राहिलं. पॅड काढल्यावर आतला पॅड ३ मिलिमीटर आणि बाहेरचा ७. एका पिस्टनच्या सरकत्या कॅलिपरमध्ये आतला पॅड असा एकटाच झिजला की गाइड पिन (ज्यांवर कॅलिपर सरकतो) गंजून बसल्यात, असं समजावं. पुढे पिस्टनही अडकलेला निघाला, पण सुरुवात पिनांपासून होती.

पॅडची धूळ हवेनं किंवा फुंकून उडवू नये. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. पाणी आणि साबणानं ओली करून पुसावी.

पिस्टन बाहेर काढायची सोपी वेळ एकच, होज सोडवण्याआधीची. कॅलिपर डिस्कवरून उतरवून, तारेनं टांगून (होजवर लोंबकळू द्यायचा नाही), समोर लाकडाची फळी धरून ब्रेक पेडल हळूहळू दाबायचं. ब्रेकच्या दाबापुढे अडकलेला पिस्टनही हलतो. तो बराचसा बाहेर आला की होज सोडवून खाली भांडं ठेवायचं. होज आधीच काढला असेल तर कंप्रेसरची हवा वापरावी लागते, आणि तेव्हा पिस्टन गोळीसारखा सुटतो. मध्ये लाकूड, हवा अगदी थोडी, बोटं कधीच समोर नाहीत. ब्रेक ऑइल रंगावर सांडलं तर लगेच भरपूर पाण्यानं धुवा, अर्ध्या तासात रंग फुगतो.

आता पिस्टनकडे नीट बघायचं. सीलच्या पुढे, बाहेरच्या टोकाशी गंज असेल तर चालेल. सील जिथे सरकतो त्या भागात नख अडकेल असा खड्डा असेल तर पिस्टन बदलायचा. घासून क्रोम उडवलेला पिस्टन महिनाभरात पुन्हा गंजतो. या गाडीचा पिस्टन टोकाशीच गंजला होता, तो राखला.

कॅलिपर पिस्टनला मागे खेचायला स्प्रिंग नसते. आतला चौकोनी काटाचा (आडव्या छेदाचा) सीलच पिस्टनला चिकटून थोडा पुढे वळतो, आणि दाब सुटला की सरळ होताना पिस्टनला केसभर मागे ओढतो. तेवढ्यावरच चाक मोकळं होतं. समुद्राकाठच्या गाडीत सीलच्या खोबणीत, सीलच्या मागे, पांढरट-तपकिरी खर साचते. ती सीलला आतून पिस्टनवर दाबून धरते. अशा खोबणीत नवा सील घातला तरी चाक तापतच राहतं, आणि लोक किटला (सील-बूटच्या नव्या संचाला) दोष देतात. खर काढायला जुना दातकोरणा किंवा वाकवलेली पितळी तार वापरावी, पोलादी टोचा नको. खोबणीचा तळ चकचकीत नसला तरी चालेल, बोटाला मात्र सगळीकडे सारखा लागला पाहिजे. या एका कामाला सव्वा तास गेला, आणि चाकाचं तापणं याच सव्वा तासानं गेलं.

धुवायला ब्रेक क्लीनर, आयसोप्रोपिल अल्कोहोल, नाहीतर ताजं ब्रेक ऑइल. पेट्रोल, रॉकेल, डिझेल, इंजिन ऑइल यांचा थेंबही नको. ब्रेकच्या रबराला खनिज तेल लागलं की ते फुगतं आणि मऊ पडतं. मारुतीच्या इंजिनावर हात मारून तेच हात सीलला लावणं हीसुद्धा चूकच.

लोखंडी ब्रॅकेटचा गंज इलेक्ट्रोलिसिसनं काढला. प्लॅस्टिकच्या बादलीत दहा लिटर पाणी, त्यात तीन मोठे चमचे धुण्याचा सोडा. बॅटरी चार्जरचा मायनस ब्रॅकेटला, प्लस साध्या लोखंडाच्या पट्टीला, दोन्ही एकमेकांना टेकू द्यायचे नाहीत. आठ ते दहा तासांत गंज काळा होऊन ब्रशनं निघतो. काम उघड्यावर करा, कारण हायड्रोजन निघतो. स्टेनलेसची पट्टी वापरू नका, तिच्यातून क्रोमियमचे विषारी क्षार पाण्यात उतरतात. ॲल्युमिनियम यात घालू नये, सोडा ते खातो. क्रोमचा पिस्टन, स्प्रिंगा आणि बोल्टही यात घालायचे नाहीत. बाहेर काढलेलं लोखंड लगेच धुऊन गरम हवेनं वाळवा. दमट हवेत दहा मिनिटांत नारिंगी थर चढतो. रंग द्यायचा तर उष्णतेला टिकणारा, आणि बोअर, सीलची खोबणी, पिनांची भोकं, पॅड सरकतात त्या जागा झाकून.

किट घेताना जुना पिस्टन बरोबर न्या आणि व्हर्निअरनं व्यास मोजून घ्या. एकाच मॉडेलला वेगवेगळ्या काळात वेगवेगळ्या कंपन्यांचे कॅलिपर लागलेले असतात. जुना सील आणि नवा सील शेजारी ठेवून काट जुळतोय का तेही बघा.

नवा सील ताज्या ब्रेक ऑइलमध्ये बुडवून खोबणीत बोटानंच बसवायचा, आणि पीळ पडला नाही ना हे पूर्ण फेरा बोट फिरवून तपासायचं. पिस्टनवर रबर ग्रीसचा पातळ थर. धूळ अडवणारं रबरी बूट आधी पिस्टनच्या मागच्या टोकावर चढवून, मग त्याची कड कॅलिपरच्या खाचेत बसवून, शेवटी पिस्टन दोन्ही अंगठ्यांनी सरळ आत दाबायचा. सगळं बरोबर असेल तर तो हाताच्या जोरानं जातो. हातोडी घ्यावीशी वाटली की थांबायचं. पिस्टन तिरका झालाय किंवा सील वर आलाय. गाइड पिना पेपरनं घासून चकचकीत केल्या आणि सिलिकॉन ग्रीस लावलं. साधं चॅसिस ग्रीस लावलं तर पिनांचे बूट फुगतात आणि पिन पहिल्यापेक्षा घट्ट बसते. होजच्या बोल्टला तांब्याचे वॉशर दोन्ही नवेच घालावेत.

हवा काढताना जुन्या गाडीत एक काळजी. पेडल तळापर्यंत दाबू नका. मास्टर सिलेंडरचा पिस्टन रोज जिथपर्यंत जातो त्याच्या पुढचा बोअर वर्षानुवर्षं वापरलेला नसतो, तिथे गंज आणि गाळ असतो. पेडल खाली दाबलं की रबर त्यावरून जाऊन फाटतं, आणि कॅलिपर करायला गेलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी मास्टर सिलेंडर करावा लागतो. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवला की प्रश्न मिटतो. ऑइल नव्या सीलबंद डब्यातलंच, ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणावर लिहिलेल्या दर्जाचं. अर्धा वापरून ठेवलेला डबा हवेतलं पाणी ओढून घेतो. डॉट ३ ऑइल कोरडं असताना किमान २०५ अंशांना उकळतं, पाणी शोषलेलं १४० ला. वरंधा किंवा कशेडी घाट उतरताना हा फरक पेडलमध्ये कळतो.

पेडल कडक आल्यावर पाच मिनिटं सतत दाबून ठेवून जोड कोरडे आहेत ना ते बघितलं. मग रिकाम्या रस्त्यावर ४० च्या वेगानं दहा-बारा वेळा मध्यम ब्रेक, मध्ये थंड व्हायला वेळ. परत येऊन दोन्ही पुढच्या चाकांच्या रिमजवळ हाताची पाठ धरली: दोन्ही सारखीच कोमट. हजार किलोमीटरनंतर चाक पुन्हा काढून नवे पॅड मोजले. डाव्या चाकाचा आतला ९.५ मिलिमीटर, बाहेरचा ९.५.